भिलईहून आणलेली सही

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून भिलईला जायचे म्हणजे काही साता समुद्रांपलीकडे जायचे नव्हते. मोटारीने गोंदिया गाठायचे, तिथून पॅसेंजर, डोंगरगडच्या टेकड्या मागे टाकल्या की राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलई. कालपरवापर्यंत त्यांचा आणि आमचा प्रांत एकच होता, राजधानीही एकच, नागपूर. मग कोणी तरी नकाशावर रेघ ओढली आणि माझा सख्खा भाऊ परराज्यातला झाला. तहसिलीतल्या बाबूने तसे स्वच्छच सांगितले : भाऊ परराज्यात राहतो, तर त्याची सही तिथल्या मॅजिस्ट्रेटसमोर व्हायला हवी, कागदावर तिथला शिक्का हवा. विलायतेत राहणाऱ्यांना अशा कामासाठी आपल्या देशाच्या वकिलातीचे उंबरठे झिजवावे लागतात म्हणे. आमच्या नशिबी आगबोट नव्हती, एवढाच काय तो फरक.

काम साधे होते. वडिलांच्या मागे घराशेजारची मोकळी जागा आम्हा दोघा भावांच्या नावे लागली. तिथे बुद्धविहार व्हावा ही मायची इच्छा. वस्तीने वैशाखी पुनवेला पाया भरायचे ठरवले होते, पण दोन्ही भावांची संमती नोंदल्याशिवाय एक दगडही ठेवता येणार नव्हता. मायच्या पोटात पाणी झाले आहे. गोंदियाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते की पावसाळ्याचा भरवसा धरू नका. त्यामुळे ही पुनव चुकवून चालणार नव्हते.

"मोठ्याले संगं आण म्हणत नाई मी," निघताना ती खाटेवरून म्हणाली. "त्याले सुट्टी भेटत नाई. सही तेवढी आण."

बौद्ध दीक्षा घेतली तेव्हा माझ्या भावाने आनंद हे नाव घेतले. वस्तीत, नात्यात सगळे त्याला आनंदच म्हणतात. माय त्याला फक्त मोठा म्हणते. मी शाळामास्तर असल्यामुळे संमतीचा कागद मीच लिहिला होता, चांगल्या वळणदार अक्षरात, आणि त्यावर भावाचे नाव आनंद असे घातले होते. गाडीत बसल्यावर मी तो पुन्हा एकदा वाचला आणि स्वतःवर खूश झालो. त्या प्रवासात खूश होण्याचा प्रसंग तेवढाच.

डबा कामगारांनी ठासून भरला होता. डोंगरगडला एक छत्तीसगढी म्हातारी टोपली घेऊन चढली आणि माझ्या पायाशी बसली.

"कहाँ जाथस बाबू?" तिने विचारले.

"भिलई. भाई का दस्तखत लाना है," मी माझ्या हिंदीत सांगितले.

"दस्तखत बर अतेक दूरिहा?" (सहीसाठी एवढ्या लांब?) ती बिनदातांची हसली. मग तिचे गाव कुठले असे मी विचारले, तर खिडकीकडे हात करून म्हणाली, "मोर गाँव तो कारखाना मं चल दिस." म्हणजे गाव कारखान्यात गेले. कोणाचा मुलगा नोकरीला गेला हे सांगावे तशा सुरात तिने ते सांगितले. दुर्गला ती उतरून गेली.

भिलईचे पहिले दर्शन धुळीचे. तांबडी मुरमाची धूळ, त्यामागे अर्धवट उभे राहिलेले लोखंडी सांगाडे, क्रेनचे लांब हात आणि धुराने मळलेले आभाळ. चैत्राचे ऊन होते, पण सावली पडत नव्हती. वर्तमानपत्रांत इथल्या पोलाद कारखान्याबद्दल वाचले की माझा ऊर भरून येत असे. प्रत्यक्षात स्टेशनबाहेर उभा राहिलो तेव्हा मला एवढेच वाटले की इथे झाड कुठे आहे?

दादा सायकल घेऊन उभा होता. खांदे उतरलेले, भुवयांत काळे कण बसलेले. मायची चौकशी त्याने लगेच केली नाही. पावर हाउस नावाच्या बाजारातून सायकल हातात धरून चालताना, एका गोऱ्या रशियन बाईला बोटे दाखवून वांगी घेताना आम्ही पाहत होतो, तेव्हा तो तिकडेच बघत म्हणाला, "उठते का ती?"

"धरून उठवावं लागते," मी म्हणालो.

क्वार्टर नवे होते, रांगेतले, सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे. वैनीने जेवायला बासी (रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात) आणि कांदा वाढला, सोबत लाल मिरचीचा ठेचा. "उन्हाचं हेच चालते इथं भाऊजी. आमी बी आता छत्तीसगढीच झालो," ती म्हणाली. गार भात पोटात गेला आणि दिवसभरात पहिल्यांदा बरे वाटले. शेजारच्या दाराला कुलूप होते. मी सहज विचारले, तर वैनीने दादाकडे पाहिले.

"बालाघाटचा होता," दादा म्हणाला. "वर परांचीवर काम करून राहिला होता. पाय सुटला. बायको लेकरं घेऊन गेली गावाले." मग म्हणाला, "मायपाशी हे बोलजो नोको."

मी बोलणार नव्हतोच. संध्याकाळी भट्टीकडचे आभाळ लाल झाले. वैनीला त्याचे काहीच नव्हते, ती त्याच उजेडात तांदूळ निवडत बसली. मला मात्र दादा रोज त्या लालीच्या पोटात जातो हे एकदम कळले, आणि माय ते गावी बसून न बघताही रोज बघत असणार हेही कळले.

दुसऱ्या दिवशी दादाने सुट्टी टाकली आणि आम्ही बसने दुर्गला गेलो. सुपेल्याच्या नाक्यावर बस बंद पडली. सगळ्यांनी उतरून ढकलली, मीही ढकलली आणि माझ्या धोतराला वंगणाचा पट्टा लागला. कचेरीत बाकावर बसून राहिलो. आत बोलावले तेव्हा मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद घेतला. माणूस सभ्य होता, जुन्या प्रांतात नोकरी केलेला, त्यामुळे मराठी वाचत होता. त्यांनी दादाचा कारखान्याचा पास मागितला, पास पाहिला, कागद पाहिला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"इसमें आनंद लिखा है. पास में कचरू है. जमीन के कागज में क्या है?"

मीच म्हणालो, "कचरू."

चूक माझी होती, आणि ती दुसऱ्या कोणी केली नसती. आमच्या वस्तीत ते नाव तोंडातून काढायचे नाही हे इतके अंगवळणी पडले होते की सरकारदरबारी तेच चालू आहे हे मी मास्तर असून विसरलो होतो. नोकरीला लागताना दादाने गावच्या पाटलाचा दाखला जोडला होता, तेव्हा पासवरही तेच चढले.

साहेबांनी समजावून सांगितले. "दो रास्ते हैं. नाम बदलने का हलफनामा (प्रतिज्ञापत्र) दो, पास बदलवाओ, जमीन में नाम ठीक कराओ, फिर आना. दो-तीन महीने समझो. या आज कचरू के नाम से कागज बनवा लाओ, मैं आज ही मुहर लगा दूँगा."

बाहेर येऊन आम्ही कडुलिंबाखाली उभे राहिलो. दादाच्या मनात काय चालले होते ते मला न सांगता कळत होते. त्याच्याआधी मायची दोन लेकरे दगावली होती. तिसरा हा जन्मला तेव्हा मायने त्याला उकिरड्यावर लोळवले आणि कचरू म्हटले, म्हणजे मरण त्याला कचरा समजून पुढे जाईल. असे पुष्कळ घरांत करीत. पण मायचे ते कचरू आणि गावाचे ते कचरू यांत फार अंतर होते. गावाने तीच हाक त्याला विहिरीपासून हाकलायला वापरली. दीक्षेच्या दिवशी त्याने ते नाव टाकले. भिलईला आल्यावर तो रात्रीच्या वर्गाला जाऊन लिहायला शिकला, आणि शिकला ते आनंद लिहायला. पगाराच्या कागदावर तो आजही अंगठा लावतो. लोक त्याला अडाणी समजतात ते चालते, पण जुने नाव हाताने लिहायचे नाही.

"तिथं विहार होईन," तो म्हणाला. "पोरं तिथं नवे नावं घेऊन बसतीन. अन् जागा देणारा कोण, तं कचरू?"

"दोन-तीन महिने थांबू मग," मी म्हणालो.

"खरं सांग श्रावण. दोन-तीन महिने हाये का तिच्यापाशी?"

"डॉक्टर नाई म्हणते."

तो झाडाच्या बुंध्यावरच्या मुंग्या पाहू लागला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मग तो स्वतःच अर्जनवीसाच्या (अर्ज लिहून देणाऱ्याच्या) चटईवर जाऊन बसला.

अर्जनवीसाने नवा कागद घेतला. नाव लिहिले, बापाचे नाव लिहिले आणि विचारले, "जात?"

"बौद्ध," दादा म्हणाला.

"पुरानी क्या थी?"

"बौद्ध लिखो."

अर्जनवीसाने चष्म्यावरून एकदा पाहिले आणि तसेच लिहिले.

आत साहेबांनी मोठ्याने विचारले, "कचरू तुम ही हो?"

"हाँ साहब, मैं ही हूँ," दादा म्हणाला. शिपायाने शाईचा पॅड पुढे सरकवला. दादाने तो मागे सरकवला. "दस्तखत करूँगा."

त्याने माझे पेन घेतले. आनंद ही सही तो एका झटक्यात करतो, मी पाहिली आहे. इथे मात्र एकेक अक्षर कोरल्यासारखे लिहीत गेला. र लिहून थांबला. दीर्घ ऊकार कुठे द्यायचा ते त्याला आठवेना, आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी बोटाने हवेत दाखवले. असा तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे जुने नाव लिहिता झाला, आणि साहेबांनी त्यावर शिक्का मारला.

मला वाटले आता निघायचे. पण बाहेर आल्यावर तो पुन्हा चटईवर बसला आणि म्हणाला, "अब नाम बदलने का भी लिख दो." तोही कागद त्याने तेव्हाच आत नेऊन दिला. "महिन्या-दीड महिन्यात पास बदलंन," बसमध्ये तो म्हणाला. "लय दिवस झाले, टाळून राहिलो होतो."

तिसऱ्या दिवशी त्याची पहिली पाळी होती, त्यामुळे स्टेशनवर वैनीच आली. तिने वाटेसाठी अंगाकर (पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली तांदळाची जाड भाकर) बांधून दिली. दादाने सकाळी जाताना दारातच सांगितले होते, "मायले सांगजो, आनंदनं सही देली म्हणून. त्याच नावानं सांगजो." मी बरे म्हणालो. गाडी हलली तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजत होता. वैनी तोंडावर पदर घेऊन उभी होती, धुळीमुळे असेल. अंगाकर मी गोंदियापर्यंत खाल्ली नाही. भूक नव्हती.

घरी पोचलो तेव्हा माय भिंतीला टेकून बसली होती. पाय आणखी सुजले होते. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"आनंददादानं सही देली माय," मी म्हणालो. कबूल केल्याप्रमाणे.

"अंगठा?"

"नाई. सही. हातानं लिवली."

"काय लिवलं? वाच."

"कचरू," मी वाचले.

दीक्षेनंतर हा शब्द आमच्या घरात उच्चारलाच गेला नव्हता. देव्हारा तिने स्वतःच्या हाताने उचलून नदीत सोडला होता, मागे वळूनही पाहिले नव्हते. ती रागावेल किंवा रडेल असे मला वाटले. तिने बोट पुढे केले. मी ते सहीवर नेऊन ठेवले, आणि ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"कारखान्यात हेच नाव हाये का त्याचं?"

"हाव. पासवर हेच हाये."

"भट्टीपाशी ह्याच नावानं जाते?"

"हाव माय."

तिने डोळे मिटले. खांदे सैल पडले, छातीवरून काही उतरवून ठेवावे तसे. "मंग बरं हाये," ती म्हणाली. "मले वाटलं का आता त्याच्या अन् मरणाच्या मधात काईच आड नाई राह्यलं. म्हणून मोठाच म्हणत होती मी. नवं नाव घेतलं तं जुनं पुसून जाईन, अन् जुनं घेतलं तं त्याले राग येईन." मग जरा वेळाने म्हणाली, "वस्तीत कोणाले सांगजो नोको. हसतीन."

नवा पास येईल हे मी तिला सांगितले नाही. बालाघाटच्या माणसाचेही नाही. तहसिलीत कागद दाखल झाला. बाबूने शिक्का उजेडात धरून पाहिला आणि मान डोलावली. आता वस्तीतली माणसे जागेवर चुन्याची रेघ मारून गेली आहेत, पुनव जवळ आली आहे, आणि पाया भरताना दिसावा म्हणून माय खाट अंगणात टाकायला रोज सांगते.

एवढ्या लांब जाऊन मी एक सही आणली. जिच्यासाठी आणली तिला विहाराची जागा तर मिळालीच, पण त्याहून मोठे काही मिळाल्यासारखी ती रोज रात्री शांत झोपते. मला मात्र झोप लागत नाही. पोस्टमन दारावरून गेला की मी आधी बाहेर येतो, कारण दादा नव्या पासाचे पत्र आनंदाने लिहील आणि मायला ते मोठ्याने वाचून दाखव असे मला सांगेल.