काट्याचा नवा नंबर

मी साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागले, त्याच वर्षी कारखाना आणि शेती ऑफिस एका नेटवर्कमध्ये जोडायचं ठरलं. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरना पूर्वी वेगवेगळ्या माणसांनी नेटवर्कवरच्या ओळखीचे नंबर दिले होते. केबल जोडली आणि दोन मशीन एकाच नंबरवर हक्क सांगायला लागली. सगळ्यांनाच नवे नंबर देणं भाग होतं.

आमचे साहेब आजवर प्रत्येक मशीनसमोर बसून हातानं नंबर घालत आले होते. मी म्हटलं, "साहेब, एक सर्व्हर बसवू. मशीन चालू झालं की त्याच्याकडं नंबर मागेल, तो मोकळा असलेला देईल."

"आणि भलताच घेऊन बसलं तर? काटापूजनाला सगळा गाव असतोय, बाई."

तरी त्यांनी परवानगी दिली. मी मशीनमागून मशीन बदलत गेले. दरवेळी नवा नंबर आपोआप आला की मला हसू फुटायचं.

काटापूजनाच्या, म्हणजे हंगामातलं पहिलं वजन व्हायच्या सकाळी शिरोळकडची उसाची पहिली ट्रॉली वजनकाट्यावर उभी राहिली. माझे वडील, आबा, गडमुडशिंगीहून सायकलनं आले होते. नारळ फुटला. काट्यावरच्या कॉम्प्युटरवर वजन आलं, पण शेती ऑफिसात काहीच पोचलं नाही. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

मी नंबर तपासला. आम्ही ठरवलेला नव्हताच, एकशे एकोणसत्तरनं सुरू होणारा होता. म्हणजे मशीननं सर्व्हरला हाक मारली होती, उत्तर न आल्यावर स्वतःच एक नंबर घेतला होता. माझा जीव भांड्यात पडला. बाकीच्या मशीनना नंबर मिळत होते, म्हणजे सर्व्हर नीट होता, वाटेत कुठंतरी लाईन तुटली होती.

मी टेबलाखाली वाकले. केबल जिथं एकत्र येतात त्या डब्याची विजेची पिन कुणीतरी काढली होती आणि तिथं माळेच्या दिव्यांची पिन बसवली होती.

"ही माळ कुणी लावली?"

"मीच की," वायरमन म्हणाले. "जरा शोभा यावी म्हणून."

दिवे विझले, डबा चालू झाला. मी मशीन परत सुरू केलं. पडद्यावर आमचा नंबर आला आणि थोड्याच वेळात शेती ऑफिसातून फोन. साहेब ऐकत राहिले, मग मोठ्यानं म्हणाले, "आलं की वजन! नवा नंबर चालला!" गर्दीनं टाळ्या वाजवल्या, बहुतेकांना कशासाठी ते ठाऊक नसताना.

ट्रॅक्टरवाला खाली वाकून म्हणाला, "ताई, नंबर कुणाचा बदलला? गाडीचा?"

माझ्याआधी आबाच बोलले. "काट्याच्या काम्प्युटरचा. माझ्या लेकीनं दिलाय."

"आबा, मी नाही, सर्व्हरनं दिला."

"व्हय, पण सर्व्हर कुणी बसवला?"

साहेब हसत म्हणाले, "तिनंच." ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीतून दोन ऊस ओढून आबांच्या हातात दिले. आम्ही काट्याच्या केबिनबाहेर उन्हात उभं राहून ते सोलून खाल्ले. वायरमननं दुसरीकडून वायर ओढून माळ पुन्हा लावून टाकली.