मेमरी कार्डातला माझा आवाज

ते प्रकरण आजही आठवतं, आणि खरं सांगायचं तर आठवू नये असंच वाटतं. निवृत्तीनंतर कुठे चार लोक जमले आणि ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हणाले, की मी दरोड्याची सांगतो. ही सांगत नाही. तपास आठवड्याच्या आत लागला, आरोपी सापडले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरी मला त्या प्रकरणाची लाज वाटते, म्हणून आज लिहून टाकतो.

२०१०च्या आसपासची गोष्ट. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. नवेगाव बांधच्या बाजूचा पट्टा, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांना लागून जंगल. त्या सुमारास मी दोन सिमचा, मोठ्या आवाजाचा मोबाईल घेतला होता आणि त्यानं माझा जीव नकोसा केला होता. ऐन कामाच्या वेळी तो हँग व्हायचा. मुलीनं त्याला चार आकड्यांचं लॉक लावून दिलं होतं, ते मला कधीही वेळेवर आठवायचं नाही. तीनदा चुकलं की तो रुसून बसायचा. शेवटी हायवेवरच्या मोबाईल दुकानदाराकडून ते लॉकच काढून टाकलं. गंमत अशी, की त्याच महिन्यात मोबाईल सुरक्षित ठेवण्याबद्दल वरून परिपत्रक आलं होतं. ते मी सकाळच्या हजेरीला सगळ्या स्टाफला वाचून दाखवलं होतं आणि सही करून नोटीस बोर्डावर लावलं होतं.

एका सकाळी खबर आली, की एका गावाच्या शिवारात, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर एक शेतमजूर मरून पडला आहे. माणूस तिशीतला. गाव म्हणालं, साप चावला. आम्ही मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचनामा केला. मला सापाची खूण काही दिसली नाही, पण घोट्याजवळ कातडी करपलेली दिसली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, हा विजेचा धक्का आहे. बोडीजवळ तर विजेचा खांबही नव्हता. म्हणजे प्रेत दुसरीकडून आणून टाकलं होतं. रानडुकरं मारण्यासाठी रात्री शेतात जिवंत तार सोडण्याचा प्रकार आमच्याकडे सर्रास चालायचा, त्यामुळे संशय तिकडेच गेला. पण विचारायला गेलो तर सगळं गाव मूग गिळून बसलेलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी एक बाई ठाण्यात आली. वय चाळिशीचं. ठाणे अंमलदाराला तिनं सांगितलं, रेशनकार्ड हरवलं म्हणून आली. माझ्या खोलीत आल्यावर तिनं दार लोटलं आणि उभ्यानंच बोलायला लागली.

“मले माहीत हाये साहेब, तार कोनं लावली थे. पन कागदावर नोका लिहू.”

“काऊन?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“माह्याच दिरानं लावली जी. वावरवाल्याच्या सांगन्यावरून. आमच्या घरात कोनाले समजलं त मले हाकलून देतीन. मी कोठी जाऊ?”

“मग सांगायला का आलात?”

तिनं दार नीट लागलंय का ते वळून पाहिलं. मग म्हणाली, “मेला थ्याची बायको आमच्या बाजूलेच राह्यते. थे अजून सापालेच शिव्या देऊन राहिली. मले आयकवत नाई.”

मी तिला बसवलं. कागद तर नको होता, पण तपशील बरेच होते. वायर कुठून ओढली, प्रेत कोणी उचललं, वायर आता कुठे लपवली. मला वाटलं, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून घ्यावं. कागद दहा जणांच्या हातात जातो, मोबाईल आपल्या खिशात राहतो. स्वतःच्या हुशारीवर मी त्या दिवशी बेहद्द खूश होतो. बटण दाबलं आणि तिला धीर यावा म्हणून आधी मीच बोललो, “बाई, तुमचं नाव या खोलीच्या बाहेर जाणार नाही. हा माझा शब्द आहे.” मग तिनं सगळं सांगितलं.

पुढचं काम सोपं होतं. दिराला आणलं, समोर बसवलं. तो आधी सापाचीच गोष्ट सांगत राहिला. मी त्याला फक्त एवढंच विचारलं, की तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात वायर कोणी ठेवली. त्याचा चेहरा पडला. माणूस मारहाणीपेक्षा पोलिसाला माहीत असलेल्या एका बारीक गोष्टीला जास्त घाबरतो, हा माझा नेहमीचा अनुभव. संध्याकाळपर्यंत त्यानं पंचांसमक्ष वायर आणि खुंट्या काढून दिल्या. शेतमालकालाही अटक झाली. दुसऱ्या दिवशी मोबाईल पुन्हा हँग झाला, तो मी हायवेवरच्या त्याच दुकानात टाकला आणि संध्याकाळी परत आणला.

दहा-बारा दिवसांनी ती बाई आली. या वेळी हातात कपड्यांची पिशवी होती. ती खोलीत आली नाही, व्हरांड्यातच उभी राहिली.

“सगळ्या गावाले माहीत झालं साहेब. नवऱ्यानं घरातून काहाडलं. मी आता भावाकडे चालली, देवरीकडे.”

एवढं बोलून ती बस पकडायला निघून गेली. ती मला एक शब्दही वाकडा बोलली नाही.

माझा संताप झाला, आणि तो मी चुकीच्या माणसावर काढला. ती बाई पहिल्यांदा आली त्या दुपारी माझ्या खोलीलगतच्या टेबलावर माझा रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा हवालदार, बसलेला होता. बावीस वर्षांची नोकरी, स्वच्छ हस्ताक्षर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्याशिवाय कुणाच्या कानावर जाणं शक्य नव्हतं, असं मी धरून चाललो. ठाण्याच्या अंगणात, सगळ्या स्टाफसमोर मी त्याला उभा केला आणि आरोपीला विचारावं तसं विचारलं. नको ते शब्द वापरले. तो एवढंच म्हणत राहिला, “मी नाई साहेब.” तेही मला पढवल्यासारखं वाटलं. मुख्यालयात बदली करावी असा अहवाल मी त्याच दिवशी वर पाठवला.

आठवड्याभरानं हायवेवर दुपारची नाकाबंदी होती. एक काळी-पिवळी प्रवासी जीप थांबवली. चालक कागद काढत होता आणि गाडीत टेप वाजत होता. दंडारीचं, आमच्याकडच्या लोकनाट्याचं, एक गाणं संपलं आणि पुढचं सुरू होण्याऐवजी माझा आवाज आला. “बाई, तुमचं नाव या खोलीच्या बाहेर जाणार नाही. हा माझा शब्द आहे.” मागून तिचा आवाज सुरू झाला. माझे चार शिपाई शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सगळे रस्त्याकडे पाहू लागले.

“हे कुठून आणलंस?” मी विचारलं.

चालक घाबरला. “मेमरी कार्डात भरून आलं जी. मोबाईलच्या दुकानातून. बहुत लोगों के कार्ड में है साहब.”

मी तडक दुकानात गेलो. दुकानदाराला वाटलं, मी दुसरा मोबाईल घ्यायला आलो. त्यानं जे सांगितलं त्यात त्याची चूक शोधायचा मी फार प्रयत्न केला.

“साहेब, कार्ड साफ करायच्या पहिले सगळं कॉपी कर, माही जुनी गाणी जाऊ देऊ नोको, असं तुमीच म्हनले ना? मी कॉम्प्युटरवर टाकलं. तुमची गाणी मस्त होती, म्हनून गाण्याच्याच फोल्डरमंदी टाकलं. गिऱ्हाईक येते, सगळे भरून दे म्हन्ते. त्यात काय काय हाये, थे मी कायले आयकू?” मग म्हणाला, “आन् लॉक तर तुमीच काहाडाले लावलं होतं.”

त्याच्या कॉम्प्युटरमधून मी ते समोर उभं राहून पुसायला लावलं. पण लोकांच्या खिशातलं कसं पुसणार? बाजाराला आलेला जो तो आपलं कार्ड तिथे भरून नेत होता, आणि गाण्यांबरोबर त्या बाईला घरातून काढण्याचं सामानही घेऊन जात होता. ते सामान मी पुरवलं होतं.

रायटरचा अहवाल मी मागे घेतला, पण तोवर बदलीचा आदेश निघाला होता. तो कार्यमुक्त व्हायला आला तेव्हा मी त्याला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि माफी मागितली.

तो उभाच राहिला. म्हणाला, “शिव्या अंगनात देल्या साहेब, आन् माफी खोलीत मांगून राहिले.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी उठून दार उघडायला हवं होतं, स्टाफला बोलवायला हवं होतं. मी उठलो नाही. लाजेपेक्षा खुर्ची मोठी वाटली. तो सलाम करून गेला.

महिन्याभरानं साध्या कपड्यांत देवरीकडच्या त्या गावी गेलो. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मला पाहून तिनं भावाच्या बायकोला खाट टाकायला सांगितली. मी बसणार, एवढ्यात ती म्हणाली, “साहेब, मोबाईल गाडीत ठेवून या. मंग बोलू.”

मी गेलो, मोबाईल गाडीत ठेवला आणि परत येऊन बसलो. नवऱ्याशी बोलतो, गावच्या पाटलाला समजावतो, असं बरंच काही मी म्हणालो. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, “थे बाई आता सापाले शिव्या देत नाई ना?”

“नाही,” मी म्हणालो. “तिला खरं काय ते माहीत झालं.”

“मंग बरं झालं,” ती म्हणाली आणि पुन्हा मोहफुलांकडे वळली.

यंत्राला दोष देऊन मी पुष्कळ दिवस काढले. मोबाईल खराब, दुकानदार निष्काळजी, जमानाच असा. पण फोननं कुणाला शब्द दिला नव्हता, शब्द मी दिला होता. तिचं बोलणं कागदावर लिहिलं असतं तर मी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली असती, कारण कागदाची काळजी घ्यायला मला नोकरीनं शिकवलं होतं. मोबाईलमध्ये ठेवलं आणि विसरलो. पुढे नोकरीत अनेकांनी मला माहिती दिली. त्यांना मी मदत होईल तेवढी केली, पण ‘तुमचं नाव बाहेर जाणार नाही’ हे वाक्य पुन्हा कधी माझ्या तोंडून निघालं नाही. ती बाई नवऱ्याच्या घरी परतली नाही, एवढं मला माहीत आहे.