दातांच्या गाडीचे प्रेस्योंकाका

इतर माणसं शर्टाच्या खिशात पेन लावतात, तिथे प्रेस्योंकाका टायरची हवा मोजायची नळी लावत. पितळेची, बोटाएवढी. टायरच्या तोंडाला ती टेकवली की मागून एक पांढरी पट्टी बाहेर सरके आणि तिच्यावरचा आकडा काका डोळ्यांजवळ नेऊन वाचत. आमच्या मॉरिशसच्या क्रिओल बोलीत दाबाला 'प्रेस्यों' म्हणतात. सकाळी कुणी ख्यालीखुशाली विचारली तर काका आधी टायरचा आकडा सांगत, मग स्वतःचं. त्यावरून हे नाव पडलं. त्यांचं खरं नाव कचेरीच्या हजेरीपटावर होतं, ते फारसं कुणी वापरलं नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी सरकारी दातांच्या गाडीवर मदतनीस म्हणून लागले. लॉरीच्या सांगाड्यावर बसवलेली ती पत्र्याची खोली होती. आत दाताची खुर्ची, पाण्याची टाकी, हत्यारं उकळायचं भांडं, आणि मागच्या बाजूला ड्रायव्हरला निजायला एक फळी. दोन-तीन आठवडे एका शाळेच्या आवारात मुक्काम करायचा, पोरांचे दात बघायचे, आणि पुढच्या गावाला निघायचं. डॉक्टर आपल्या मोटारीने येत-जात. गाडीवर कायमचे आम्ही दोघंच, ड्रायव्हर काका आणि मी.

काका सुरिनाम गावचे, आमच्याच बेटाच्या दक्षिण टोकाचे. माझं मराठी वडिलांनी गावच्या बैठकीत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, पुस्तकावरून शिकवलेलं. काकांचं मराठी आजीच्या तोंडून आलेलं, त्यात अर्धं क्रिओल मिसळलेलं. मी 'होतं' म्हणायची, ते 'व्हतं' म्हणायचे. माझं बोलणं ऐकून ते म्हणत, "बाय, तू बोलतीस का वाचतीस?" पण हसत नसत. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं. चेहरा कायम नुकत्याच उठलेल्या माणसासारखा, झोप पुरी न झालेल्या.

त्याला कारण होतं. घरी काकी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. एकुलती मुलगी नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेली ती तिथलीच झाली. गाडीत निजायची फळी असूनही काका एकही रात्र तिथे राहिले नाहीत. गाडी उत्तरेला त्रियोलेला असली तर सुरिनामहून पहिल्या बसने पोर्ट लुई, तिथून दुसरी बस, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. काकींना धुऊन-पुसून, भरवून, शेजारणीच्या हवाली करून ते निघत, आणि तरीही माझ्याआधी शाळेत पोचलेले असत. कारण टायर ऊन चढायच्या आत मोजायचे असत. "तापल्यावर त्याला इचारू न्हाय," ते म्हणत. "तापलेला फुगून बोलतो." चालून आलेल्या गाडीचा आकडा ते कधीच खरा धरत नसत.

गाडी उभी असली की टायरचं काही बिघडत नाही असं मला वाटे. काकांचं म्हणणं उलट होतं. चालणाऱ्या टायरपेक्षा उभा टायर लवकर म्हातारा होतो. म्हणून ते चाकांवर उन्हाच्या बाजूने साखरेची जुनी पोती टांगत, आणि दर चार दिवसांनी गाडी हातभर पुढे नाहीतर मागे घेत, म्हणजे सगळं वजन एकाच जागेवर पडत नाही. हेडमास्तरांना वाटे, हा माणूस रिकामटेकडा आहे.

हवा भरणं हीच खरी कटकट होती. कचेरीने पायाने दाबायचा पंप दिला होता. तो मोटारीच्या टायरला ठीक. आमच्या गाडीच्या मागच्या टायरला साठ पौंड हवा लागे, आणि चाळिसाच्या पुढे तो पंप काकांचाच पाय वर ढकलू लागे. पेट्रोल पंपावर जावं तर तिथली नळी मागच्या चाकांपर्यंत पोचत नसे, आणि तिथवर जाईस्तोवर टायर तापलेला. काकांनी बॅटरीवर चालणारा हलवता येण्याजोगा कंप्रेसर मागितला. अर्ज मी लिहायची. वर्षभर अर्ज गेले, मग एक चकचकीत खोका आला. सिगारेट पेटवायच्या भोकात वायर खुपसायची, की झालं. खोक्यावर शंभर पौंड छापलेलं होतं. पहिल्यांदा लावला तेव्हा फ्यूज उडाला. दुसऱ्यांदा पंचेचाळिसाला येऊन तो नुसता कण्हत राहिला आणि नळीला जळका वास सुटला. काका तो परत द्यायला गेले तेव्हा साहेबांनी खोक्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. काका म्हणाले, "तो आकडा खोक्याचा हाय, साहेब. चाकाचा न्हाय." साहेबांना मराठी येत नव्हतं. काकांनी भाषांतरही केलं नाही. ते दमले होते.

शेवटी त्यांनी आपल्या पदरचाच घ्यायचा ठरवला. एका शनिवारी पोर्ट लुईला बंदराजवळच्या बोटींच्या सामानाच्या दुकानात ते मला घेऊन गेले, कारण कागदावरचं इंग्रजी वाचायला कुणीतरी हवं होतं. खिशात एक सुतळी होती, बॅटरीपासून सर्वांत लांबच्या चाकापर्यंत मापलेली. दुकानदाराने तीन कंप्रेसर मांडले. काकांनी किंमत विचारली नाही, दिसणंही पाहिलं नाही. वायर बॅटरीच्या डोक्याला थेट चिमटे लावून जोडायची आहे का, हे पाहिलं. वायर आणि नळी मिळून सुतळीइतकी भरते का, हे पाहिलं. नळीचं तोंड टायरवर नुसतं दाबून धरायचं की आट्यांनी बसतं, ते पाहिलं. मग मला विचारायला लावलं की न थांबता किती वेळ चालतो आणि किती वेळ निवू द्यावा लागतो. दुकानदार म्हणाला, हवा तेवढा चालतो. काकांनी तो कंप्रेसर तिथल्या तिथे बाजूला सरकवला. दुसऱ्याच्या कागदावर दहा मिनिटं चालवा, दहा मिनिटं थांबा, असं लिहिलं होतं. "ह्यो खरं बोलतोय," काका म्हणाले, आणि तरीही रस्त्यावर उभ्या एका लॉरीच्या टायरमध्ये सत्तर पौंड भरून दाखवल्याशिवाय त्यांनी तो घेतला नाही. गरजेपेक्षा थोडा जास्त जाणारा असावा, म्हणजे गरजेपुरतं करताना त्याचा जीव जात नाही, असं त्यांचं गणित होतं.

त्यानंतर दर सोमवारची सकाळ कंप्रेसरची. गाडीचं इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते. टायरच्या तोंडाची टोपी काढून ती आपल्या तोंडात धरायची, म्हणजे हरवत नाही. नळीचं तोंड आट्यांवर बसवायचं. कंप्रेसरच्या अंगावरच्या काट्यावर विश्वास न ठेवता मध्ये थांबून खिशातल्या नळीने मोजायचं. आणि दहा मिनिटं झाली की बंद. मग थांबायच्या दहा मिनिटांत काका उलट्या क्रेटवर बसत. दिवसभरात त्यांनी टेकलेलं मी तेवढंच पाहिलं. कंप्रेसरला विसावा मिळे म्हणून त्यांनाही मिळे. कधी काकींबद्दल बोलत, कधी बोलता बोलता डोळा लागे, आणि मी घड्याळ बघून त्यांना उठवी.

त्या विसाव्यातच त्यांनी मला सगळं शिकवलं. मागे दोन्ही अंगांना जोडचाकं होती, एक बाहेर, एक आत. आतल्याचं तोंड सापडायला गुडघे टेकून हात खांद्यापर्यंत घालावा लागे. मी एकदा विचारलं की बाहेरचं ठीक दिसतंय, मग आतलं रोज कशाला. काका म्हणाले, "आतला उपाशी असला तरी बाहेरचा त्याला धरून उभा ऱ्हातो. बघून कळत न्हाय. आणि मग एक दिवस दोघंबी जातात."

त्रियोलेच्या मुक्कामात डाव्या आतल्या चाकाची हवा हळूहळू जाऊ लागली. काकांनी वर्कशॉपला कळवलं. पुढच्या आठवड्यात या, असं उत्तर आलं. तेवढ्यात काकींना ताप भरला आणि काकांनी तीन दिवसांची रजा घेतली. जाताना खिशातली नळी त्यांनी माझ्या हातात दिली. रोज सकाळी सहाही मोज, म्हणाले, आणि डावं आतलं आधी.

दोन दिवस मी मोजलं आणि भरलंही. तिसऱ्या दिवशी गाडी पूर्वेकडच्या एका शाळेत न्यायची होती. रात्रभर पाऊस पडून आवारात लाल चिखल झाला होता. बदली ड्रायव्हर कॅन्टीनमध्ये चहा पीत होता आणि निघायची घाई करत होता. माझा पांढरा गणवेश नवा शिवलेला होता. मी पाच टायर मोजले. सहाव्यासाठी चिखलात गुडघे टेकायचे होते. काल तर भरलंय, असं मी मनाशी म्हटलं आणि गाडीत चढून बसले.

पाऊस थांबून ऊन कडक पडलं. तासाभराने, उसाच्या शेतांमधल्या एका वळणावर, मागून तोफेसारखा आवाज झाला. गाडी डावीकडे ओढली गेली, ऊस तुडवत आत शिरली आणि शेतातून वेचून रचलेल्या काळ्या दगडांच्या ढिगावर आदळून कलंडली. ड्रायव्हरच्या गळ्याचं हाड मोडलं. माझ्या कपाळाला सात टाके पडले. दाताची खुर्ची पत्रा फोडून बाहेर आली होती. त्या वळणावर एरवी शाळेची पोरं चालत असतात. त्या वेळी नव्हती, एवढंच.

चौकशी पोर्ट लुईला झाली. तीन साहेब, वर संथ फिरणारा पंखा. बदली ड्रायव्हरने सांगितलं की त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि ते खरंच होतं. मग काकांना विचारलं, गळती माहीत होती का. होती, ते म्हणाले. वर्कशॉपला कळवल्याचं ते बोलले नाहीत. रजेवर जाताना तपासायचं काम कुणावर सोपवलं होतं, असा पुढचा प्रश्न आला. मी त्यांच्यापासून दोन खुर्च्यांवर बसले होते. नळी माझ्या पर्समध्ये होती. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मो मेम," ते क्रिओलमध्ये म्हणाले, म्हणजे मीच जबाबदार. कुणावर सोपवलं नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं.

मला उठून बोलायला हवं होतं. मी नोकरीत कच्ची होते, घरात माझ्याच पगाराची वाट बघितली जात होती, ही कारणं नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली. त्या क्षणी कुठलंच कारण नव्हतं. मी पर्स मांडीवर धरून बसून राहिले.

काकांचं ड्रायव्हिंग काढून घेतलं आणि त्यांना डेपोच्या फाटकावर बसवलं. महिनाभर बसले आणि मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी गेले. जायच्या दिवशी मी नळी परत द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. कंप्रेसरही मोडलेल्या गाडीच्या जागी आलेल्या नवीन गाडीवर ठेवून गेले. पुढे तीन ड्रायव्हर आले आणि गेले, पण टायर मीच मोजले, आणि आतलं डावं आधी. गणवेशाखाली मी जुनी पँट घालू लागले. ड्रायव्हर लोक हसत. डॉक्टर एकदा म्हणाले, हे तुझं काम नाही. मी म्हटलं, माझंच आहे.

सुरिनामला जायचं मात्र मी टाळत राहिले. पाच वर्षं टाळलं. मग काकी गेल्याचं कळलं, आणि त्या निमित्ताने गेले. काका ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली. त्यांनी मला बसवून स्वतःच चहा केला. काकींच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. मुलगी येऊन चार दिवस राहून गेल्याचं सांगितलं. मग बोलणं संपलं, आणि मी जे सांगायला आले होते ते सांगून टाकलं. त्या सकाळी मी सहावं चाक मोजलंच नव्हतं.

"ठाव हाय," काका म्हणाले.

कसं, म्हणून मी विचारलं. गाडी डेपोत ओढून आणली तेव्हा ते बघायला गेले होते. पाच टोप्यांवर बोटांचे चिखलाळ ठसे होते. सहावी फुटक्या टायरच्या तोंडावर तशीच घट्ट होती, कोरडी, चिखलाचं बोट न लागलेली.

मग तुम्ही का बोलला नाहीत, मी विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तू समजतीस तसं न्हाय, बाय. तुला वाचवायला म्यां काय केलं न्हाय. दमलो व्हतो. त्या बसनी जायचं, त्या बसनी यायचं, आणि ही हितं एकली पडलेली. साहेबानं इचारलं आणि मला वाटलं, एकदा व्हय म्हनलं की हे सरलं." त्यांनी आतल्या दाराकडे मान वळवली. "पाच वरसं तिच्याजवळ बसायला मिळालं. तू ती टोपी उघडली असतीस तर मिळालं नसतं."

हे खरं होतं की माझ्यासाठी रचलेलं होतं, ते मला कळलं नाही. मी बोलणी खायला गेले होते. ती मिळाली असती तर परत येताना हलकं वाटलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, पण तिथे ना राग दिसला, ना माफी. फक्त थकवा होता, पाच वर्षांपूर्वी होता तसाच, आणि आता त्यातून त्यांना जागं करणारंही कुणी उरलं नव्हतं.

"आता मला जरा पडू दे," ते म्हणाले आणि भिंत धरत आत गेले. खाट कुरकुरली. थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झालेला ऐकू आला. मी दोन्ही कप धुतले, मोरीच्या कडेला पालथे घातले, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बसच्या रस्त्याला लागले.