टीव्हीतली आक्का आणि सोनाळ्याची तानाबाई

तानाबाईला त्या आक्काचा राग होता. साधासुधा नव्हे, नुसतं नाव काढलं तरी तोंडाचा पट्टा सुरू व्हावा असा. आक्का म्हणजे गावातली कोणी बाई नव्हती. ‘बाळंतघर’ नावाच्या मालिकेतली ती सुईण. इंग्रजांच्या काळातला एक दवाखाना, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या नेसलेल्या नर्सा आणि त्यांच्या हाताखाली ही आक्का. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, तोंडावर कायम हसू. आठ वाजले की सोनाळ्यातल्या बायांना घरादाराची शुद्ध राहत नसे. भाज्या करपत, नवरे रिकाम्या ताटावर बसून राहत. मलकापूरच्या दुकानात ‘आक्का काठ’ नावाची साडी आली, तर ती आणायला बाया सकाळच्या एसटीने गेल्या.

“ह्याले बाळंतपण म्हणते?” तानाबाई आपल्या सुनेला, मनालीला, विचारायची. “रगत नाई, वास नाई, एक शिवी नाई. कळा देऊन राह्यली अन् टिकली जागची हलली नाई तिची. अन् ते पोट्टं पाहा, चांगलं तीन महिन्याचं हाये. दोन दिवसांनी चालाले लागते ते.”

मनाली तोंड फिरवून हसायची आणि आवाज वाढवायची. “पण आई, आक्का तुमच्यासारखीच हाये ना?”

इथे तानाबाईचं डोकं फिरायचं.

कारण तानाबाई स्वतः गावची दाई होती. सासूच्या मागे मागे जाऊन शिकली आणि पुढे अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं. धम्म घेतल्यावर वस्तीतल्या लोकांनी ठरवलं होतं की गावाची असली कामं आता करायची नाहीत. तिचा सासरा त्यावरून भांडायचा, नवरा रुसायचा. तरी कोणाच्या घरातून बाईची किंकाळी आली की हिचे पाय निघायचेच. मिळायचं काय? पायलीभर ज्वारी, एखादं विरलेलं लुगडं आणि कान तुटलेल्या कपातून चहा. तो कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा. ती निघाली की मागे पाणी शिंपडायचे. पाच दिवस बाळ-बाळंतीण तिच्या हातची, आणि बारशाचं आवतन मात्र तिला कधी आलं नाही. पुढे गावात डांबरी रस्ता आला, फोन केला की दारात येणारी गाडी आली, बाया दवाखान्यात जाऊ लागल्या. तानाबाईचं काम सुटलं. बरं झालं, असं ती स्वतःच म्हणायची. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्या माणसाला एकदा तरी अंधाऱ्या खोलीत बाळंत व्हायला लावलं पाहिजे, हे तिचं ठाम मत होतं.

राग तेवढ्यावर असता तर तो जिभेवरच राहिला असता. पण खोल एक काटा होता आणि त्याचं नाव होतं द्वारका.

द्वारका ही शेषराव पाटलांची थोरली सून. ती बाळंतपणात गेली, पोळ्याच्या दिवशी. पोरगी जगली. गावाने ठरवून टाकलं की द्वारका तानाबाईच्या हातून गेली, हिने काहीतरी चुकवलं. तानाबाईला खरं माहीत होतं. आणखी एका बाईला माहीत होतं, ती म्हणजे पाटलांची धाकटी सून कोकिळा. रक्त थांबेना तेव्हा तानाबाईने गाडी जुंपायला सांगितलं होतं आणि शेषरावांनी नकार दिला होता. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. गावात एकच जीप होती, ती मलकापूरला गेलेली. कोकिळा तेव्हा खोलीत कंदील धरून उभी होती. सगळं तिच्या कानांनी ऐकलं होतं, पण नंतर तिने कधी तोंड उघडलं नाही.

ती जगलेली पोर म्हणजे सुवर्णा. कोकिळानेच तिला वाढवली, वरवट बकालला दिली. दर पोळ्याला ती आईच्या तिथीसाठी सोनाळ्याला यायची आणि रस्त्यात तानाबाई दिसली की मान फिरवून पलीकडून जायची. आई पोळ्याच्या दिवशी मेली हे तिला ठाऊक होतं. पोळ्यामुळे मेली हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. गावाने काय म्हणावं याची पर्वा तानाबाईने केव्हाच सोडली होती. पण आपल्या हातावर पहिला श्वास घेतलेल्या पोरीने आपल्याला आईची मारेकरीण समजावं, हे तिला गिळवत नव्हतं.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी कोकिळाबाईचा निरोप आला. बचत गटाच्या साऱ्या बाया तिच्या घरी मोठ्या टीव्हीवर ‘बाळंतघर’ बघायच्या, आज खास भाग होता, आणि त्याआधी गावच्या दाईचा सत्कार करायचं ठरलं होतं.

“माह्या पायताणाचा सत्कार करा म्हणा,” तानाबाई म्हणाली.

“जा ना आई,” मनाली म्हणाली. “सुवर्णाताई पण आल्या हायेत.”

 तानाबाई उठली, तोंड धुतलं, धुवट पातळ नेसली आणि निघाली.

गल्लीत घरोघर खांदशेकणी चालली होती. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत माणसं त्यांच्या कानात सांगत होती, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” तानाबाई बघत बघत गेली. बैलांना आवतन देतात, हे तिला लहानपणापासून आवडायचं. आज मात्र तिला मेल्या बैलांचासुद्धा राग आला.

पाटलांच्या घरात त्या रात्रीनंतर तिने पाऊल टाकलं नव्हतं. गोठ्याच्या जागी ट्रॅक्टर उभा होता. कोकिळा दारातच आली. “या, तानाबाई, या. बसा.” आयुष्यभर ‘ए ताने’ म्हणणारी ही बाई आज ‘या, बसा’वर आली होती. ही करामत त्या आक्काची. बाया सतरंजीवर बसल्या होत्या, हिला एकटीला खुर्ची. चहा आला तो सोनेरी काठाच्या कपात. तानाबाईने कप फिरवून बघितला. कान शाबूत होता. तिने तो न पिता खाली ठेवला.

मग नारळ झाला, हळदकुंकू झालं, आक्का काठाची साडी झाली, फोटो झाला. “आमच्या गावची आक्का!” कोकिळा म्हणाली आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी होती. तिने टाळी वाजवली नाही. त्या एका गोष्टीसाठी तानाबाईला ती बरी वाटली. निदान पोर खोटं वागत नव्हती.

मालिका सुरू झाली. आज आक्कावर आळ आला होता. जमीनदाराची सून बाळंतपणात गेली आणि साऱ्या गावाने आक्काला चौकात उभं केलं. कोणी माती फेकली, कोणी थुंकलं. आक्का हात जोडून उभी, गालावरून आसवं ओघळताहेत, मागे सनई रडतेय. सतरंजीवर नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. कोकिळाबाईने तर पदर डोळ्यांना लावला.

“बिचारीचा काय दोष व?” ती म्हणाली. “उगाच आळ घेतला गरिबावर. तळतळाट लागीन त्याइले.”

 तानाबाई ओरडली नाही. तिने अगदी हळू विचारलं.

“कोकिळाबाई, हिचा दोष नाई हे तुमाले कसं समजलं?”

“दाखवलं ना कालच्या भागात. जमीनदारानंच डॉक्टरले येऊ देलं नाई.”

“म्हणजे डोयानं पाह्यलं म्हणून समजलं.”

“हाव.”

“मंग द्वारकाच्या वक्ती तं तुमी खोलीत होत्या. कंदील तुमच्याच हातात होता. तवा काय दिसलं तुमाले?”

कोकिळाचा पदर डोळ्यांवरच राहिला.

“आता पाहू द्या व, मंग बोला,” मागून एक बाई म्हणाली. तेवढ्यात सुवर्णा पुढे आली आणि तिने टीव्ही बंद केला. सतरंजीवर नाराजीचा सूर उठला. खोलीतल्या माणसांचं काय व्हायचं ते होवो, बायांना आक्काचं काय होतं ते बघायचं होतं.

“काकू,” सुवर्णा म्हणाली, “काय म्हणून राह्यल्या ह्या?”

“जुन्या गोष्टी व. म्हातारी झाली, काही बी बोलते.”

“म्हातारी झाली, भरमिष्ट नाई झाली,” तानाबाई म्हणाली. मग ती कोकिळाकडे बघायचं सोडून सुवर्णाकडे वळली. “तू झाली अन् तुह्या मायचं रगत थांबेना. मी हरलो होतो, हे कबूल हाये मले. माह्या हातात होतं ते समदं करून झालं होतं. म्हणून बाहेर येऊन म्हटलं, गाडी जुंपा, वरवटले डॉक्टर हाये, बाई जगते. तुहा आजा वसरीत बसला होता. बैलं सजून उभे होते, शिंगाले बेगड, पाठीवर झूल. म्हणे, आज पोया हाये. आज बैलाच्या खांद्यावर जू चढत नाई. उद्या पाह्यटे जुंपू. पाया पडलो मी त्याच्या. ह्या घरच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. तो म्हणे, लांब हो.”

 सुवर्णाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“खरं हाये का काकू?”

कोकिळा बंद टीव्हीकडे बघत होती. तिथून कोणी मदतीला येणार नव्हतं.

“पोया होता बाई,” ती शेवटी म्हणाली. “तवा पोयाले कोणी जुंपत नव्हतं.”

हे वाक्य ऐकायला तानाबाई चाळीस वर्षं थांबली होती. ते ऐकलं की छातीवरची धोंड उतरेल, असं तिला वाटायचं. उतरली नाही. उलट नवा संताप आला. कोकिळाने ते अशा सुरात सांगितलं, जणू त्या दिवशी पाऊस होता, दुकानं बंद होती, दुसरं काय करणार. आक्कासाठी आत्ता जे डोळे वाहत होते, ते द्वारकासाठी कोरडे ठक्क होते.

पण सुवर्णाने तानाबाईलाही सोडलं नाही. “अन् तुमी? एवढे वर्षं तोंडात मूग धरून बसल्या? मी रस्त्यानं जाताना मले थांबवून सांगता येत नव्हतं?”

“तुह्या आज्यानं वस्तीत निरोप धाडला होता. तानीनं तोंड उघडलं तं तिच्या नवऱ्याले गावात कोणी कामाले बोलावणार नाई. घरात माहा पोरगा देवानंद पाळण्यात होता. मी भ्यालो,” तानाबाई म्हणाली. “आजा मेला तवा सांगाले आलो होतो. तुह्या काकूनं दारातूनच परत लावलं. मंग मले बी वाटलं, मरू दे. ज्या पोरीले इचारावंच वाटत नाई, तिले सांगू कायले?”

सुवर्णाला ते लागलं. तिने मान खाली घातली नाही, पण डोळे भरले. बाया आता एकमेकींकडे बघत होत्या. एकीने हळूच चपला पायात सरकवल्या.

तानाबाई उठली. साडी आणि नारळ तिने खुर्चीवर ठेवला. चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती. दाराशी पोचली तेव्हा मागून सुवर्णाने हाक मारली. जन्मात पहिल्यांदा.

“तानाबाई. माय काही बोलली का? शेवटी?”

“तिले शुद्ध नव्हती,” कोकिळा घाईघाईने म्हणाली.

“होती,” तानाबाई म्हणाली. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. बाहेर गल्लीत कोणीतरी उद्यासाठी घुंगरमाळा धुऊन झटकत होतं, त्यांचा आवाज आत येत होता. तिचा आवाज आता खाली आला होता, पण राग त्यातून गेला नव्हता.

“पोया फुटला होता. तोरणाखालून बैलं परत येऊन राह्यले होते. ह्या दारावरून गेले, घुंगरं वाजले. तुह्या मायनं डोये उघडले. म्हणे, तानाबाई, गाडी आली वाटते.”

“मंग? तुमी काय म्हटलं?”

“हाव म्हटलं. आली. तिनं तुले पोटाशी धरलं अन् उठून बसाले लागली.”