लोहाऱ्याचे पोहे

यवतमाळात सख्खी बहीण राहत असताना बाबांनी लॉजवर खोली घेतली, हा पहिला धक्का. आमच्याकडे नातेवाईक सोडून लॉजवर उतरणं म्हणजे भांडण झाल्याची दवंडीच. निघण्याआधी ते एवढंच म्हणाले होते, "शनिवार-रविवार दोघंच यवतमाळले फिरून येऊ. तुह्या शाळेलेही सुट्टी हाय." आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी कुठे जाऊ म्हटलं नव्हतं. वणीच्या खाणीत डंपर चालवण्यात जन्म गेलेला हा माणूस निवृत्तीनंतर अंगणातल्या खुर्चीत बसला तो फक्त जेवायला उठायचा. मला इतका आनंद झाला की मी एका शब्दानेही काही विचारलं नाही.

दुसरा धक्का लॉजच्या बाथरूममधून बाहेर आला. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र आणि मिशी कोळशासारखी काळी.

"बहिणीकडे जायला मिशी रंगवते का कोणी?" मी विचारलं.

"जरा बरी साडी नेस," एवढंच उत्तर मिळालं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी एकेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. पंचविशीच्या आसपास मला पाहायला बरीच घरं येऊन गेली. प्रत्येक वेळी मी पोह्यांचा ट्रे धरून, मान खाली घालून बाहेर जायचे आणि स्वयंपाक येतो का इथपासून चष्म्याचा नंबर किती इथपर्यंत सगळी उत्तरं द्यायचे. एकदा सगळं जुळत आलं होतं. मुलगा नोकरीवाला, आई खूश. मी स्वयंपाकघरात बाबांना म्हटलं, नाही. ते बैठकीत गेले आणि पाहुण्यांना म्हणाले, "पोरगी नाई म्हणते. कारण मी इचारत नाई." आई महिनाभर त्यांच्याशी धड बोलली नाही. त्यानंतर आमच्या घरी तसले पोहे कधी झाले नाहीत. बाबांवर माझा जो विश्वास आहे, तो त्या दिवसाचा आहे.

आत्याकडे जयभीम झाला, चहा झाला आणि कप खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, "चला, लोहाऱ्यात माह्या मैत्रिणीकडे पाच मिनिटं जाऊन येऊ." ऑटोत ती माझ्याकडे बघेना. बाबा बाहेर एमआयडीसीतल्या बंद शेडांकडे असे बघत होते, जणू त्यांना त्या विकत घ्यायच्या होत्या.

मैत्रिणीच्या घरी पन्नाशीचा एक गृहस्थ बसला होता, नुकतीच दाढी केलेला. त्याने मला विचारलं, नोकरी कायम आहे का, शाळा जिल्हा परिषदेची की खाजगी, वणीहून बदली होते का. मी उत्तरं देत गेले. मग आतून साठीची एक बाई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. पोह्यांवर हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घातलेला.

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाने कारण न विचारता माझं नाही ऐकलं होतं, त्यानेच मला फिरायला नेतो सांगून दाखवायला बसवलं होतं. मी उठून उभी राहिले. "तुम्ही माणूस चांगले असाल," मी त्या गृहस्थाला म्हटलं, "पण मला लग्न करायचं नाही. हे बाबांना माहीत आहे."

तो अवघडून म्हणाला, "ताई, माह्यं लगन होऊन पंचवीस वर्षं झाली. बायको आत चहा करून राह्यली."

"तुह्यासाठी नाई व बाई," आत्या हळूच म्हणाली आणि तिने बाबांकडे पाहिलं.

बाबा फरशीकडे बघत होते. ट्रे धरून उभ्या असलेल्या त्या बाईचीही मान खाली होती. साठाव्या वर्षी.

मी दाराबाहेर आले. घरी आईच्या साड्या कपाटात अजून जशाच्या तशा आहेत. मीच कोणाला हात लावू देत नाही. मला बाबांचा राग आला, आत्याचा आला, त्या मिशीचा तर फारच आला. बाबा माझ्या मागून बाहेर आले.

"आधी काहून नाई सांगतलं?" मी विचारलं.

"लाज वाटली," ते म्हणाले. "तू सकाळी शाळेत जातं, संध्याकाळी येतं. मंधात दिवसभर माह्या तोंडातून आवाज निंगत नाई. ती अंगणवाडीतून रिटायर झाली, एकटीच हाय." मग म्हणाले, "तू नाई म्हण, आत्ता निघू. कारण मी इचारत नाई."

नाही हा शब्द माझ्या ओठांवर होता, खोटं कशाला सांगू. त्यांच्या त्या वाक्याने तो तिथेच अडकला. मी आत गेले.

तो गृहस्थ त्या बाईचा, म्हणजे आत्याच्या मैत्रिणीचा, धाकटा भाऊ निघाला. त्याने हात जोडले. "मुलाकडून तुमीच मोठ्या. काही इचारायचं असंल तर इचारा." अडुसष्ट वर्षांचा मुलगा माझ्या मागे दारात उभा होता. मला येत होते ते सगळे प्रश्न एकेकाळी मलाच विचारलेले होते. त्यातला एकही मला विचारायचा नव्हता.

"तुम्हाला स्वतःला हे करायचं आहे का?" मी विचारलं. "की घरच्यांनी बसवलं?" मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

तिने पहिल्यांदा मान वर केली. "पहिल्या लग्नात कोणी इचारलं नवतं," ती म्हणाली. "मले करायचं हाय. पण तुमच्या आईच्या जागेवर मी बसत नाई. तुमच्या अंगणात एकच खुर्ची हाय म्हणे. मी माह्यी घेऊन येईन."

म्हणजे खुर्चीपर्यंत बोलणं झालेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. आज बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा सर्वांत मोठा होता.

मी मागे वळले. "हो," मी बाबांना म्हटलं. "आणि कारण विचारू नका."

बाबांनी विचारलं नाही. मी ट्रेमधली पोह्यांची एक प्लेट उचलली आणि खाली बसले.