तुले आग कोण देईन?

अंगठ्याला लावायच्या शाईचा वास आला, की मला सौंसरच्या रजिस्ट्री ऑफिससमोरचा चहाचा ठेला आठवतो. आत्या मोहगावच्या शाळेतून मास्तरीण म्हणून रिटायर झाली होती. लग्न केलं नव्हतं. आपल्यामागं फंडाचा सगळा पैसा गावातल्या मुलींच्या कॉलेजसाठी जावा, असं मृत्युपत्र करायला ती मला, आपल्या भाचीला, घेऊन निघाली, आणि तिला अडवायला माझे बाबा बोरगावहून मोटरसायकलवर मागोमाग आले. शेजारी ट्रकमध्ये संत्री भरणं चाललं होतं, चहालाही सालीचा वास येत होता. बाबा आधी गोड बोलले, मग म्हणाले, "पैसा लोकायच्या पोरीयले देशीन, मंग बाई, तुले आग कोण देईन? माह्याच पोराले बोलावशीन ना?" आमच्याकडे भाच्याच्या हातच्या आगीचा भाव असा आधीच ठरलेला असतो. आत्यानं बशीतला चहा शांतपणे संपवला. "कोणी नाही आलं तं नगरपंचायतवाले नेतीन. लाश घरात थोडीच ठेवतेत." मला राहवलं नाही. "मी देतो आग, आत्या." बाबा म्हणाले, "पोरी नाही देत." आत्या उठली, आत गेली आणि निळा अंगठा घेऊनच बाहेर आली. पुढे तिला आग मीच दिली. बाबा स्मशानाच्या फाटकाशीच थांबले. आज माझाही अंगठा निळा आहे. मघाशी भावाचा फोन आला, तोच प्रश्न. मी म्हटलं, "आत्याच्या पैशावर शिकलेल्या पोरीयची लाइन लागन. तू मागं उभा राहजो."