दाराशेजारचं नाव

आमच्या कारखान्यात मास्किंग टेप बनते, रंग देताना जे झाकायचं त्यावर लावतात ती, आणि ती नीट सुटते की नाही हे तपासणं माझं काम. चिकटवायला कोणीही चिकटवेल, खरी परीक्षा सोडवताना. कागदाला बारीक चुण्या पाडतात म्हणून टेप वळणावर ताणली जाते, पाठीवरच्या लेपामुळे गुंडाळी उलगडते, बाकी सगळा खेळ गमचा. गाड्यांची टेप भट्टीची धग सोसते. भिंतीची हलकेच धरते, म्हणजे निघताना जुना रंग ओढत नाही.

मनीषनगरच्या आमच्या घराला रंग द्यायचं ठरलं, तेव्हा मी ऐटीत भिंतीची टेप घेऊन आले. दाराशेजारी आईचं नाव होतं. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घर बांधलं तेव्हा ते नाव त्यांनीच लिहिलं. आता आई नाही, आणि बाबांचा हात इतका थरथरतो की कपातला चहा बशीत सांडतो. तसं नाव पुन्हा होणार नव्हतं. दिवे लागले की अंगणात खुर्ची टाकून ते त्याच्यासमोर बसायचे. मी नावावर टेप लावली.

पेंटर गावाकडे लग्नाला गेला तो गेलाच. फोन केला की, "उद्या पक्का येतो ना ताई." त्याचा उद्या काही उजाडेना. त्यात मे महिन्याचं मेलं ऊन! दुपारभर त्या भिंतीवर. उन्हानं गम मऊ होतो, रंगाच्या भेगांत उतरतो आणि मग सोडत नाही. हे मीच कामावर सगळ्यांना बजावते. पण टेप काढली आणि नेमका तेव्हाच पेंटर येऊन ब्रश फिरवून गेला तर? या धास्तीनं मी थांबले.

"काढत काहून नाही वं ते पट्टी?" बाबा रोज विचारायचे.

शेवटी काढली. भिंत निवल्यावर, मागे दुमडत, अगदी सावकाश. पहिली दोन अक्षरं शाबूत राहिली. तिसरं पट्टीबरोबर निघून आलं. मला रडूच फुटलं.

बाबांनी ब्रश मागितला. भिंतीपर्यंत हात नेला, तिथेच थांबले आणि ब्रश माझ्याकडे दिला. "तूच लिही वं. माह्या हातानं वाकडं येईन."

मी लिहिलं. वाकडंच आलं.

"मस्त झालं," बाबा म्हणाले. अंगणात ते अजूनही खुर्ची टाकतात, पण आता भिंतीकडे पाठ करून बसतात.